आधी मुलांचे, मग मुलींचे



स्मरणिकेत चार ओळी लिहा, असा अध्यक्षीणबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. आमच्या गावची नगरपालिकेची शाळा तेथेच संपे. पुढची शाळा लांब, घरात सायकल एक. वडील म्हणाले, "आधी दादाचे होऊ दे, मग तुझे बघू." ते 'मग' कधी आलेच नाही.

परवा जुन्या पुण्याची हकीकत वाचताना हेच बोलणे पुन्हा भेटले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने कायदा झाला व प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना मिळाली. पुण्यात त्यावर मोठा वाद माजला. काही वजनदार पुढारी म्हणू लागले, पैसा थोडा आहे, तेव्हा सक्ती आधी मुलांना. मुलींचे मागाहून पाहू.

तेव्हा १९२० साली रमाबाई रानडे यांच्या पुढारपणाखाली पुण्याच्या स्त्रिया मोर्चाने नगरपालिकेवर गेल्या. मागणी एकच : सक्ती मुलींनाही हवी. याच रमाबाई अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. माधवरावांनी शिकविले, घरच्या बायकांची बोलणी खात त्या शिकल्या, आणि १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. शिक्षणाची किंमत त्यांना ठाऊक होती.

पुढे काळ पालटला. १९९२ च्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत शिक्षणाचा हक्क सारखाच मिळाला. पण हक्क कागदावर आला म्हणून काम आपोआप होत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

मागे एका शाळेत मुलींच्या संडासाला पाणी नव्हते. आम्ही सहाजणी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. उत्तर मिळाले, "यंदाचे अंदाजपत्रक झाले, पुढे बघू." मला वडिलांचे 'मग' आठवले. अर्जाची पोच घेतल्यावाचून आम्ही उठलो नाही. तीन खेपा घातल्या, आपल्या नगरसेविकाबाईंना बरोबर नेले, तेव्हा नळ आला.

भगिनींनो, मत देऊन घरी बसू नका. अर्ज लिहा, पोच घ्या, पुन्हा जा. तो अर्ज मीच लिहिला होता; सातवीचे अक्षर कामी आले.

असो. चुकलेमाकले पोटात घालावे.