ट्रम्प कार्ड आणि खरी विमानं

२६ सप्टेंबर २०२५. चंदीगडला मिग-२१चा निरोपसमारंभ होता आणि मी नेमका नाशिकला नानाकाकांकडे होतो. घरच्या मंडळींना माहीत आहेच, पण बाकीच्यांसाठी सांगतो. नानाकाका म्हणजे आमचे ओझर 'मिग'वाले काका. सगळी नोकरी विमानाच्या कारखान्यात, पत्रे आणि रिव्हेट्स यांच्यात गेली. नाशिककडे एचएएल कोणी म्हणत नाही, "मिगमध्ये आहे" असंच म्हणतात. टीव्हीवर शेवटची विमानं उडाली, त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले गेले. काका काही बोलले नाहीत. काकूंनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

मी मात्र माझ्या सवयीप्रमाणे सुरू झालो. "काका, एफ-१०४ मिळालं असतं तर बरं झालं असतं का हो आपलं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात लहानपणापासून आहे. आमच्याकडे विमानांची ट्रम्प कार्डं होती. कमाल वेग, कमाल उंची, वजन, पल्ला. ज्याचा आकडा मोठा त्याचं कार्ड जिंकलं. माझ्या गठ्ठ्यात स्टारफायटर आलं की मी वेग किंवा उंची म्हणायचो आणि समोरच्याची पानं घ्यायचो. पुढे मोठा झालो, इंटरनेट आलं, आणि लक्षात आलं की मोठी माणसंसुद्धा हाच खेळ खेळतात. फक्त त्यांच्या कार्डांवर रडारचा पल्ला आणि क्षेपणास्त्रांची संख्यापण असते.

तर या दोन कार्डांची खरी गोष्ट सांगतो.

१९६१च्या सुमारास अमेरिकेने पाकिस्तानला डझनभर एफ-१०४ स्टारफायटर दिली. आवाजाच्या दुप्पट वेग, सुरीसारखे छोटे पंख. आपल्याकडे तेव्हा हंटर होती, नॅट होती, पण त्या वेगाचं काही नव्हतं. साहजिकच आपल्यालाही तेच हवं होतं. अमेरिका द्यायला तयार नव्हती. ब्रिटिशांचं लाइटनिंग होतं, पण ते महाग. रशियाने मिग-२१ देऊ केलं आणि वर दोन गोष्टी मान्य केल्या: पैसे रुपयांत चालतील, आणि विमान भारतात बनवायचा परवाना मिळेल. १९६२ मध्ये व्यवहार ठरला, १९६३ मध्ये पहिली विमानं चंदीगडला आली.

मधल्या काळात चीनशी युद्ध झालं आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. मे १९६४ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुन्हा एफ-१०४ मागितली. पुन्हा नकार. त्याच दौऱ्यात नेहरू गेल्याची बातमी आली आणि ते परतले. त्याच वर्षी ते मॉस्कोलाही गेले आणि मिगचं काम पुढे सरकलं. यशवंतराव १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. द्राक्षाच्या मळ्यांशेजारी रशियन इंजिनियर आले ते असे. आणि आमच्या घरात पहिली पक्की नोकरी आली तीही अशी.

म्हणजे बघा, आपण दोन विमानं शेजारीशेजारी ठेवून, आकडे लावून, एक निवडलं असं झालंच नाही. एक मिळत नव्हतं, एक परवडत नव्हतं, आणि तिसऱ्याबरोबर कारखाना मिळत होता.

ही दोन विमानं पुढे एकमेकांसमोर आलीसुद्धा. १२ डिसेंबर १९७१ला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांच्या मिग-२१ने पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं. दोन दिवसांनी मिग-२१नी ढाक्यात गव्हर्नरच्या निवासस्थानावर हल्ला केला, आणि तिथलं सरकार राजीनामा देऊन मोकळं झालं. कार्डाच्या खेळात स्टारफायटर जिंकत असेल, पण १९६५च्या युद्धानंतर अमेरिकेने शस्त्रपुरवठा थांबवला होता आणि पाकिस्तानकडे ती विमानं मुळातच मूठभर होती. सुट्या भागांचा पुरवठा हा आकडा ट्रम्प कार्डावर नसतो.

आता खरी गंमत (गंमत कसली म्हणा). पश्चिम जर्मनीने हेच स्टारफायटर घेतलं, तब्बल ९१६. त्यातली जवळजवळ २९० अपघातांत गेली आणि शंभराहून जास्त वैमानिक मेले. जर्मन लोक त्याला 'विधवा करणारं विमान' म्हणायला लागले. कै-उवे फॉन हासेल १९६३ ते १९६६ संरक्षणमंत्री होते, या विमानावरचा सगळा गदारोळ त्यांनी झेलला. १९७० मध्ये त्यांचा स्वतःचा मुलगा स्टारफायटर उडवतानाच गेला. पुढे १९७६ मध्ये लॉकहीड कंपनीने अनेक देशांत विमानं खपवण्यासाठी पैसे चारल्याचं बाहेर आलं आणि नेदरलँड्सच्या राणीच्या नवऱ्यापर्यंत ते प्रकरण पोचलं.

मग विमान वाईट होतं का? स्पेननेही हेच विमान वापरलं, एकवीस होती त्यांच्याकडे. काही वर्षं उडवली आणि एकही न गमावता परत केली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ विचार करत बसलो. तेच विमान! फरक इतकाच की स्पेनने ते ज्यासाठी बनलं होतं त्यासाठीच वापरलं: स्वच्छ हवेत, उंचावर, शत्रूचं विमान अडवायला. जर्मनीने त्यावर जादा यंत्रणा लादली, जमिनीलगत उडून बॉम्ब टाकायला लावलं, तेही कुठल्याही हवेत. वैमानिक शिकले ॲरिझोनाच्या उन्हात आणि उडायचे जर्मनीच्या ढगांत.

आणि इथे मला आपलं मिग आठवतं.

मिग-२१चं उतरणं तासाला तीनशे किलोमीटरच्या वर. आपली पोरं शिकायची किरण विमानावर, जे साधं आणि सावकाश. तिथून एकदम मिगवर. मधली पायरी हवी, प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, अशी शिफारस एका समितीने १९८२ मध्ये केली होती. ब्रिटिश हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. बावीस वर्षं! किंमत ठरेना, निवड ठरेना, सरकारं बदलली, आणि बोफोर्सनंतर तर सही करायलाच कोणी धजेना. तोवर पोरं तेजपूरला थेट मिगवरच शिकत होती.

२०१२ मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत आकडे दिले. घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी (यात सगळे प्रकार आले) ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर सेवांमधले ८ जण मृत्युमुखी पडले. २००१ मध्ये सूरतगढला गेलेला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हा आपल्यातलाच मराठी मुलगा. त्याच्या आईने, कविता गाडगीळ यांनी, त्यानंतर हवाई सुरक्षेसाठी किती वर्षं लढा दिला ते पुष्कळांना आठवत असेल.

वर्तमानपत्रं 'उडती शवपेटी' लिहायची. तो शब्द नानाकाकांसमोर कोणी उच्चारायचं नाही असा आमच्या घरात अलिखित नियम होता. मिग पडल्याची बातमी आली की काका आधी एकच विचारायचे, "पोरगा वाचला का?" नंतर मग विमानाचा प्रकार कोणता, कुठे पडलं. जेवताना बोलायचे नाहीत. आपण मारलेली रिव्हेट तर नसेल ना, हा विचार त्यांच्या मनात येत असणार. मी कधी विचारलं नाही.

मिगची जागा घ्यायला दुसरं काही आलं नाही म्हणून मिग उडत राहिलं. तेजसचा प्रकल्प १९८३चा, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१, पहिली स्क्वाड्रन २०१६. कारगिलमध्ये मिराज-२०००ने टायगर हिलवर अचूक बॉम्ब टाकले, तेव्हा वायुदलाला आणखी मिराज हवी होती. त्याचं होता होता १२६ विमानांचं भलंमोठं टेंडर झालं. २००७ मध्ये निविदा, सहा विमानं शर्यतीत: दोन अमेरिकन, एक रशियन, एक स्वीडिश, रफाल आणि युरोफायटर. बंगळूरची हवा, जैसलमेरची उष्णता, लेहची उंची, सहाशेहून जास्त मुद्द्यांवर चाचण्या. ट्रम्प कार्डाचा खेळ इतक्या काटेकोरपणे क्वचितच कोणी खेळलं असेल. २०१२ मध्ये रफाल जिंकलं... आणि गाडी अडली. १०८ विमानं भारतात बनायची होती, त्यांची हमी कोणी घ्यायची? शेवटी २०१५ मध्ये ते टेंडर गुंडाळलं आणि २०१६ मध्ये सुमारे ५९ हजार कोटींत ३६ विमानांचा थेट करार झाला. पहिली पाच अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२०ला. त्यावरचं राजकारण इथे उगाळत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. १२६ हवी होती, ३६ आली, आणि मधल्या वर्षांत पोरं मिगच उडवत राहिली, एवढंच मला दिसतं. वायुदलाला मंजूर स्क्वाड्रन ४२ आहेत. मिग-२१ गेल्यावर उरल्या २९.

उशीर हासुद्धा एक आकडा आहे, पण तो कुठल्याच कार्डावर छापत नाहीत.

असो. तर माझ्या प्रश्नावर काका बऱ्याच वेळाने म्हणाले, "अरे, विमान कोणतंही आणलं असतं तरी उडवणारी पोरं हीच असती ना. त्यांना शिकवायला वेळ द्यायला हवा होता." आणि मग थोडं थांबून, "आम्ही चांगलं बनवत होतो रे."

१७ ऑक्टोबरला ओझरला बनलेलं पहिलं तेजस उडालं. काकांनी स्वतःहून फोन केला. आवाज असा की जणू स्वतःच उडवून आले. "पाहिलंस का? आपल्या ओझरचं!" मीही खूश.

पुढच्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या एअर शोमध्ये एक तेजस कोसळलं. या वेळी मीच फोन केला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. मी "तेजस पडलं" एवढंच म्हणालो आणि मला कळलं की आता पलीकडून काय येणार.

"पोरगा वाचला का?"

नाही म्हणून सांगावं लागलं.