गुडघा प्रत्यारोपणातील संरेखन

गुडघा प्रत्यारोपणातील संरेखन म्हणजे झिजलेल्या सांध्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवताना मांडीचे हाड व नडगीचे हाड परस्परांशी कोणत्या कोनात ठेवावयाचे, हे ठरविण्याची पद्धत होय. कृत्रिम सांध्याचे आयुष्य, पायाची ठेवण आणि रुग्णाचे समाधान या बाबी या कोनाशी निगडित मानल्या जातात. मात्र सर्वोत्तम पद्धतीविषयी अस्थिशल्यविशारदांत एकमत नाही.

पार्श्वभूमी

आधुनिक कृत्रिम गुडघ्याचा पाया १९७४ साली न्यूयॉर्क येथे वापरात आलेल्या 'टोटल कॉन्डिलर' सांध्याने घातला गेला. त्याच्या रचनेत जॉन इन्सॉल व पीटर वॉकर यांच्यासह भारतीय वंशाचे शल्यविशारद चित्तरंजन रानावत यांचा वाटा होता. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर रानावत यांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० व जून २००१ मध्ये शस्त्रक्रिया केल्या. त्यामुळे ही शस्त्रक्रिया सर्वसामान्यांच्या चर्चेचा विषय बनली.

यांत्रिक संरेखन

खुब्याच्या सांध्याचा मध्य व घोट्याचा मध्य यांना जोडणारी रेषा गुडघ्याच्या मध्यातून जावी, हे या पद्धतीचे सूत्र आहे. त्यासाठी दोन्ही हाडे आपापल्या यांत्रिक अक्षाला काटकोनात कापली जातात व ताणलेले अस्थिबंध आवश्यकतेनुसार सैल केले जातात. दोन्ही बाजूंवर भार समान पडावा, हा त्यामागील हेतू असतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, या रेषेपासून तीन अंशांच्या आत असलेल्या गुडघ्यांपैकी ३ टक्के, तर त्याबाहेरील गुडघ्यांपैकी २४ टक्के सांधे सैल झालेले आढळले. तेव्हापासून तीन अंशांची मर्यादा प्रमाण मानली जाऊ लागली.

गतिकीय संरेखन

प्रत्येकाचा पाय निसर्गतः सरळ नसतो. २०१२ सालच्या बेल्जियममधील अभ्यासानुसार, निरोगी तरुणांपैकी ३२ टक्के पुरुषांचे व १७ टक्के स्त्रियांचे पाय मुळातच तीन अंश वा अधिक फेंगडे होते. असा पाय सरळ करणे म्हणजे अस्थिबंधांना अपरिचित स्थितीत ढकलणे होय, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकेतील स्टीफन हॉवेल यांनी पुढे आणलेल्या गतिकीय पद्धतीत रुग्णाची झीज होण्यापूर्वीची ठेवण पुन्हा साधली जाते. अतिरेकी कोन टाळणारी मर्यादित गतिकीय पद्धत आणि यंत्रमानवाच्या साहाय्याने केले जाणारे कार्यात्मक संरेखन हे त्यानंतरचे प्रकार आहेत.

परिणाम

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१० सालच्या अभ्यासात ३९८ गुडघ्यांची पाहणी करण्यात आली. पंधरा वर्षांनंतर तीन अंशांच्या आतील गुडघे अधिक टिकल्याचे त्यात दिसले नाही. दोन पद्धतींच्या तुलनेतही निष्कर्ष भिन्न आहेत: २०१४ सालच्या एका अमेरिकी चाचणीत गतिकीय पद्धतीने वेदना व हालचाल यांत अधिक सुधारणा झाली, तर २०१७ सालच्या न्यूझीलंडमधील चाचणीत दोन वर्षांअखेर फरक आढळला नाही. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार सुमारे ८२ टक्के संपूर्ण गुडघा प्रत्यारोपणे पंचवीस वर्षे टिकतात. तथापि, साधारणतः पाचांपैकी एक रुग्ण असमाधानी राहतो. नव्या पद्धतींचा शोध मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

खानदेशातील संदर्भ

धुळे येथे १९८९ पासून, तर जळगाव येथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कापूस व केळीच्या शेतीत वाकून, उकिडवे बसून करावयाची कामे आणि घरात जमिनीवर मांडी घालून बसण्याची रीत यांमुळे येथील रुग्णाची अपेक्षा केवळ वेदनामुक्त चालण्यापुरती नसते. संरेखन कोणतेही असले तरी शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसणे सहसा टाळण्यास सांगितले जाते. म्हणून ही चर्चा शस्त्रक्रियेपूर्वीच होणे आवश्यक ठरते. खर्चाच्या दृष्टीने ऑगस्ट २०१७ चा केंद्रीय निर्णय महत्त्वाचा आहे. त्याने कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये, तर अधिक वाकणाऱ्या सांध्याची ५६,४९० रुपये ठरवली.