सेट, लिस्ट आणि १९५३ सालचं एक टिपण

पायथन शिकायला घेतलं की एक संदेश हमखास भेटतो: ‘टाइपएरर: अनहॅशेबल टाइप: लिस्ट’. सेटमध्ये [२, ३] अशी साधी लिस्ट टाकायला जावं, तर प्रोग्राम तिथंच थांबतो. नुसता २ चालतो, मग लिस्टनं काय घोडं मारलंय? याचं उत्तर पायथनपेक्षा जुनं आहे.

जानेवारी १९५३. आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी कंपनीपुरतं एक टिपण लिहिलं. कल्पना अशी, की एखादी नोंद शोधायला सगळी यादी कशाला चाळायची? नोंदीतल्या मजकुरावरूनच एक आकडा काढा आणि त्या आकड्याच्या कप्प्यात ती ठेवा. यालाच पुढे हॅशिंग म्हणू लागले. पायथनचा सेट याच तत्त्वावर चालतो.

आता गोम बघा. कप्पा ठरतो मजकुरावरून. पण ठेवल्यानंतर मजकूरच बदलला तर? नोंद पडून राहणार जुन्या कप्प्यात, आणि आपण शोधणार नव्या कप्प्यात! लिस्ट कधीही बदलू शकते, म्हणून पायथन तिला दारातच अडवतो. नंतर गुपचूप चुकीचं उत्तर मिळण्यापेक्षा हे परवडलं.

पायथन जगासमोर आला १९९१ मध्ये, सेट मात्र बराच उशिरा. २००३ मध्ये २.३ आवृत्तीत त्याचं वेगळं मॉड्यूल आलं. २००४ मध्ये, २.४ पासून, सेट थेट भाषेत आला आणि सोबत त्याचा न बदलणारा भाऊ, फ्रोझनसेट. उपाय इथंच आहे. लिस्टऐवजी टपल द्या: (२, ३). फक्त त्या टपलच्या पोटात लिस्ट नको. सेटमध्ये सेट हवा असेल, तर आतला फ्रोझनसेट करा.

महिरपी कंसात सेट लिहायची सोय आली २००८ मध्ये, ३.० बरोबर. पण रिकामे कंस {} डिक्शनरीनं आधीच अडवले होते. म्हणून रिकामा सेट आजही ‘सेट()’ असाच लिहावा लागतो.

आणि सेटचा ‘पहिला’ घटक [०] असा मागितला, की पुन्हा टाइपएरर. कारण तेच: जागा मजकुरावरून ठरते, रांगेतल्या क्रमावरून नाही. क्रम हवाच असेल, तर ‘सॉर्टेड()’ लावून लिस्ट करून घ्या.

तेव्हा पुढच्या वेळी हा संदेश दिसला, की कोड पुसायच्या आधी एवढंच विचारा: मी आत ठेवतोय ती वस्तू उद्या बदलू शकते का?