संत्र्याच्या रसावर उडालेलं रॉकेट

ध्रुवांजवळच्या आकाशातली ती हिरवी-तांबडी झळाळी, म्हणजे ऑरोरा, बाहेरून येणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे दिसते, हे नॉर्वेचे क्रिस्तियान बिर्कलँड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ताडलं होतं. पुढे निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून, त्यावर कॅथोड किरण सोडून त्यांनी ध्रुवांभोवती उजेडाची कडीही उमटवून दाखवली. पण पेटीतला प्रयोग म्हणजे आभाळातला पुरावा नव्हे. १९५० मध्ये एडन माइनेल यांनी ऑरोराच्या वर्णपटात हायड्रोजनची रेषा सरकलेली पकडली. त्यावरून हायड्रोजनची अणुकेंद्रं, म्हणजे प्रोटॉन, सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने खाली येतात हे कळलं. तेही जमिनीवर बसून. वर जाऊन मोजणी व्हायचीच होती.

ती अंगावर घेतली आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांनी. पैसा बेताचा. छोटं रॉकेट परवडणारं, पण त्याची ताकद खालच्या दाट हवेतच खर्ची पडायची. म्हणून ते फुग्याला टांगलं. फुगा पंधराएक किलोमीटरवर पोचला की रॉकेट पेटायचं. नाव पडलं ‘रॉकून’. फुगवताना फुगा सांभाळायला जहाज वाऱ्याच्याच दिशेने, त्याच्याच वेगाने हाकायचं, म्हणजे डेकवर वारा पडल्यासारखा होई.

१९५२ च्या उन्हाळ्यात ग्रीनलंडजवळ ‘ईस्टविंड’ जहाजावरून पहिले दोन फुगे नीट चढले, रॉकेटं काही पेटली नाहीत. थंडीने घड्याळी यंत्रणा गारठली असणार, असा व्हॅन अ‍ॅलन यांचा कयास. तिसऱ्या खेपेला त्यांनी संत्र्याच्या रसाचे डबे गरम करून आत खोचले, वरून सगळं गुंडाळलं. उडालं!

१९५३ मध्ये ऑरोराच्या पट्ट्यात रॉकूनमधल्या, कण मोजणाऱ्या गायगर काउंटरचे आकडे एकदम चढले. हे काय, ते उमगायला काही वर्षं गेली. इलेक्ट्रॉन काउंटरच्या नळीपर्यंत पोचतच नव्हते. रॉकेटच्या नाकावर आदळून थांबताना ते क्ष-किरण सोडत, आणि मोजले जात ते क्ष-किरण. चोर नव्हे, चोराची पावलं.

चोर सापडला १९५८ मध्ये. व्हॅन अ‍ॅलन यांचे विद्यार्थी कार्ल मॅकइल्वेन यांनी कॅनडातल्या फोर्ट चर्चिलहून थेट ऑरोरात रॉकेटं सोडली. झळाळीचे मुख्य धनी इलेक्ट्रॉनच निघाले, आणि त्यातही बहुतेकांची ऊर्जा ६,००० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. बहुतेक एकाच मापाचे, म्हणजे वर कुठेतरी विद्युतक्षेत्र त्यांना सारखाच रेटा देत असणार. माझ्या मते या साऱ्या शोधात सर्वांत मोलाचा आकडा हाच.

पावलांवरून माग काढण्याची जुनी रीत मात्र टिकली. २०१३ आणि २०१४ मध्ये ‘बॅरल’ मोहिमेत अंटार्क्टिकावर सोडलेले फुगे, पृथ्वीला वेढणाऱ्या भारित कणांच्या व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यांतून गळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे क्ष-किरणच मोजत होते.