सायक्लोस्टाइल: खिसा रिकामा असलेल्यांची डिझाइन शाळा

आजचा एपिसोड आहे पोरापोरींनी मिळून काढलेल्या अंकांबद्दल. कॉलेजचा अंक, भित्तिपत्रक, पीडीएफ, काहीही धरा. प्रश्न एकच: मासिक मांडायचं कसं, हे माणूस शिकतो कुठे?

सुरुवात आपल्या नाशिक जिल्ह्यातून. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. सिनेमा काढण्याआधी ते छपाईवाले होते, हे आपण विसरतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, १९०८ला लोणावळ्यात छापखाना, आणि रंगीत छपाईसाठी १९०९ला थेट जर्मनी. पुढे भागीदारांशी बिनसलं, छापखाना सुटला आणि १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे छपाई ते हातानेच शिकले. पण त्या रस्त्यावर यंत्रं, भांडवल आणि भागीदार लागायचे.

मग खिशात दमडी नसलेल्या विशीतल्या पोरांनी काय करायचं? त्यांना सापडलं सायक्लोस्टाइल. शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यावर निघायच्या, घरी आई-बाबांना विचारा. मेणाचा थर दिलेला पातळ कागद म्हणजे स्टेन्सिल. टाइपरायटरची रिबन बाजूला करून त्यावर टाइप करायचं, नाहीतर टोकदार लेखणीने लिहायचं. मेण निघालं की तिथून शाई झिरपते. स्टेन्सिल मशीनवर चढवा, हँडल फिरवा, प्रती तयार.

यात डिझाइन कुठे आलं? सगळीकडे! इथे 'अन्डू' नाही. लेखणी जोरात दाबली की स्टेन्सिल फाटते, म्हणून शिरोरेषा ओढतानाही हात हलका ठेवायचा. मोठा काळा भाग भरता येत नाही, म्हणून कोऱ्या जागेचा उपयोग करायला शिकायचं. देवनागरीत मात्रा-वेलांटी वर आणि उकार खाली, त्यामुळे दोन ओळींत जागा सोडली नाही तर मजकुराचा गिचका होतो. पानं मोजकी, म्हणून काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे आधी ठरवायचं. संपादन आणि मांडणी एकाच टेबलावर.

१९५४-५५च्या सुमारास मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या मित्रांनी 'शब्द' हे असंच सायक्लोस्टाइल अनियतकालिक काढलं. चित्रे १९३८चे, म्हणजे वय जेमतेम सोळा-सतरा. कोलटकरांना जे. जे.चा डिप्लोमा मिळाला १९५७ला. अंक आधी, कागद नंतर! पुढे कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले डिझायनर झाले.

१९६३ला अशोक शहाणेंचं 'असो' आलं. भालचंद्र नेमाड्यांनी औरंगाबादहून 'वाचा' काढलं. ही झाली लघुनियतकालिकांची चळवळ. गंमत म्हणून नव्हती ती. काय छापायचं हे ठरवणारे प्रतिष्ठित संपादक मोजकेच होते, आणि बाहेर राहिलेल्यांना आपला आवाज हवा होता. राग इतका होता की १९६९ला राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. मांडणीचं शिक्षण या भुकेतून आलं. बोलायचं होतं, म्हणून पान बांधायला शिकले.

आज आपल्या फोनमध्ये हजारो टेम्प्लेट्स आहेत. साधनाचा प्रश्न जवळपास सुटलाय. दोन प्रश्न उरलेत. पहिला, आपल्याकडे सांगायला काय आहे? कारण टेम्प्लेट निवडलं की पान सुंदर दिसतं, पण काय मोठं आणि काय छोटं, हा निर्णय दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेला असतो.

दुसरा माझ्या धंद्यातला, म्हणजे सॉफ्टवेअरचा. अंक टिकणार का? जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी फाइल तो फॉन्ट नसेल तर 'vkiyk' छाप अगम्य अक्षरं दाखवते. मजकूर शोधता येत नाही. मराठी युनिकोडवर आली तेव्हा विंडोजसोबत 'मंगल' फॉन्ट मिळाला. तो केला होता र. कृ. जोशी यांनी. तेही जे. जे.त शिकलेले, आणि आयआयटी मुंबईच्या आयडीसीत त्यांनी मुलांना अक्षरं शिकवली.

म्हणून एक करून बघा. चार मित्र, एक ए-फोर कागद, दोन घड्या. टेम्प्लेट नको. विषय तुमच्या गल्लीतला, टायपिंग युनिकोडमध्ये. वीस झेरॉक्स काढा आणि कट्ट्यावर वाटा. लोक कुठे वाचायचं थांबतात, ते बघा. पुढच्या अंकात नेमकं तेवढं बदला.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोवर, अंक काढलात तर एक प्रत आमच्यासाठी ठेवा!