एका प्रवेशअर्जाचा इतिहास

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठात मुलांना प्रवेश मिळावा, ही आकांक्षा आज आम्हां बदलीच्या नोकरदारांच्या घरोघरी आढळते. भिलाईसारख्या पोलादनगरीतही गुणपत्रके, शिफारसपत्रे आणि स्वतःविषयीचा निबंध यांची जुळवाजुळव करण्यात महिनेच्या महिने सरतात. या खटाटोपाचा आपल्याकडील आरंभ शोधू गेल्यास दृष्टी वळते ती टपालखात्यातील एका कारकुनाच्या बिऱ्हाडाकडे.

गोपाळराव जोशी यांचे हे बिऱ्हाड सरकारी हुकुमाबरोबर अलिबाग, कोल्हापूर, भुज, कलकत्ता असे हिंडत राहिले. बदलीने शिक्षण मोडते, हा आमचा नित्याचा अनुभव; आनंदीबाईंचे शिक्षण मात्र याच भटकंतीत झाले. गोपाळरावांचा धाक कठोर होता, हेही येथे विसरता येत नाही. कोल्हापुरास असताना त्यांनी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. धर्मांतर करावे, असे उत्तर आले. परंतु तो पत्रव्यवहार मासिकात छापला गेला आणि १८८० साली न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. त्यांनी स्वतः होऊन पत्र धाडले. ओळखपाळख नसलेल्या दोन घरांना जोडले ते टपालानेच.

१८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. त्याच वर्षी यू किल-चुन हा कोरियन तरुण आपल्या राजाच्या शिष्टमंडळासह अमेरिकेस गेला आणि शिकण्यासाठी तेथे राहिला. पुढे १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांस बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती होती. आनंदीबाईंच्या पाठीशी ना राजा होता, ना संस्थान.

पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयास त्यांनी केलेला अर्ज म्हणूनच मननीय वाटतो. प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण पुऱ्या करू शकू असे नाही, हे अठरा वर्षांच्या या मुलीने आरंभीच मान्य केले. मात्र स्वजनांचा आणि जातीचा विरोध पत्करून येथवर आणणारा निश्चय ही आपली मोठी पात्रता होय, असे तिने सुचविले. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची सेवा करणे, हा हेतूही तिने सांगितला. चौदाव्या वर्षी अल्पायुषी अपत्य गमावलेल्या मातेचे हे शब्द होते. त्यांत शोभेचे काही नव्हते. प्रवेश मिळाला.

११ मार्च १८८६ रोजी पदवी हाती आली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूकही झाली. तथापि क्षयाने पोखरलेले शरीर साथ देईना. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थींचे दफन न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत झाले.

प्रवेश मिळाला की आम्ही पेढे वाटतो, न मिळाला की मुलाचे आयुष्यच हुकले असे मानतो. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला, पदवी मिळाली, आणि तरीही ज्या कामासाठी हा सारा अट्टाहास केला ते हातून घडलेच नाही. असे असूनही तो अर्ज व्यर्थ गेला, असे कोण म्हणेल? आपण कोणासाठी शिकू इच्छितो, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. आमच्या मुलांच्या निबंधांत कर्तबगारीची यादी पुष्कळ असते. या एका प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांनी स्वतःच शोधून लिहावे. ते त्यांच्या वतीने आम्ही लिहून देऊ नये.