परवचा, भेंड्या आणि प्रश्नमंजूषा

सावंतवाडीहून बांद्याकडे जातांना वाटेंत इन्सुलीचा घाट लागतो. गेल्या पावसाळ्यांत इन्सुली गांवीं एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही मुक्कामास होतों. दिवेलागणीच्या वेळीं घरांतील आजोबांनीं नातीला औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, विचारिली. ती गप्प राहिली. मग शाळेंत मोबाइलवर खेळलेल्या प्रश्नमंजूषेंतले सवाल तिनें आजोबांस घातले, आणि गप्प राहण्याची पाळी त्यांच्यावर आली. "आजो, थांब, आता माझो सवाल," असें ती पुनःपुन्हां म्हणत होती. पानें मांडलेलीं तशींच राहिलीं. घरच्या मंडळींत वाद निघाला, तो असा कीं, हा अभ्यास कीं अभ्यासाची टाळाटाळ? एका गृहस्थांनीं तर हें सारें परदेशी खूळ आहे असा निकाल देऊन टाकिला. त्या निकालाचाच येथें थोडा विचार कर्तव्य आहे.

प्रश्न घालून शिकविण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें सिद्धान्तशिरोमणि रचिला. त्यांतील 'लीलावती' चाळली तरी तें दिसून येतें. सापावर झेप घेणारा मोर, भुंग्यांचा थवा, वाऱ्यानें वांकून पाण्यांत बुडालेलें कमळ, असे प्रसंग मांडून आचार्य पुढें बसलेल्यास विचारतात कीं, गणितांत तुझी गति असेल तर सांग पाहूं. विद्यार्थ्यास थोडें डिवचून मग उत्तर काढून घेण्याची ही तऱ्हा आहे. हा ग्रंथ निव्वळ पोथींत राहिला नाहीं. त्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला. तेथील शिलालेख १२०७ सालचा आहे.

पंतोजींच्या शाळेची गोष्ट मात्र निराळी. तेथें धूळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं आणि सायंकाळीं परवचा म्हणावयाचा. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी हीं सारीं मुलें एका सुरांत म्हणत. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे बारा पै असल्यामुळें दुकानदारापासून कुळकर्ण्यापर्यंत सर्वांचें काम या अपूर्णांकांवांचून अडे. १९५७ च्या एप्रिलांत दशमान नाणीं आलीं आणि पावकी-निमकीचा व्यवहारांतला आधारच सुटला. परवच्याची निंदा करणारे आम्ही नव्हे. पण त्यांत एक खोट होती. कोलाहलांत नुसते ओंठ हालविणारा मुलगा सहज लपून जाई. पाढा सरळ म्हणणाऱ्यास मधेंच 'सतरा नवे किती?' असें विचारलें तर तो बिचारा पुन्हां सतरा एकेपासून आरंभ करी. आणि न आलें तर छडी ठरलेली!

ही खोट भेंड्यांत नव्हती, आणि भेंड्या हा खेळ पंतोजींचा नव्हे, मुलांचा होता. दोन पक्ष पडत. एकानें श्लोक वा आर्या म्हणावी, तिच्या शेवटच्या अक्षरानें दुसऱ्यानें आरंभ करावा, न जमल्यास त्या पक्षावर भेंडी चढावी. पुढें कोणतें अक्षर येईल हें आधीं ठाऊक नसल्यामुळें मोरोपंत आणि वामनपंडित हे दोघेहि मनांत कोणत्याहि दारानें शिरतां येईल असे साठवून ठेवावे लागत. 'ळ' हें अक्षर तर शत्रूवर टाकावयाचें अस्त्रच. कारण मराठींत 'ळ'नें शब्द सुरू होत नाहीं. मग 'ळ' बद्दल 'ल' चालेल कीं नाहीं, यावर जी भांडणें होत त्यांत व्याकरणाचा एक धडा आपोआप होऊन जाई. शिवाय पक्षांतला मंद मुलगाहि एखादा श्लोक हळूच कानांत सांगून सर्वांची लाज राखी, आणि त्या दिवसापुरता तो वीर ठरे.

मग हा खेळ शाळेच्या आंत कां आला नाहीं? आमच्या मतें याचें कारण सरकारी परीक्षेंत आहे. आपल्या गांवठी शाळांतली एक गोष्ट इंग्रजांनीं उचलली खरी: मद्रासेस अनाथ मुलांची शाळा चालविणाऱ्या अँड्र्यू बेल यांनीं एका मलबारी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढतांना पाहिलीं, तीच युक्ति आपल्या शाळेंत आणिली, मुलानेंच मुलास शिकवावें अशी पद्धति बसविली आणि १७९७ मध्यें तिची हकीकत छापली. परंतु पुढें १८६२ पासून इंग्लंडांत निकालाप्रमाणें अनुदान हें तत्त्व आलें व मुंबई इलाख्यांतहि खासगी शाळांस तें लागू झालें. दिपोटी येणार म्हटलें कीं शाळा थरथरूं लागे. मुलाच्या उत्तरावर शाळेचा पैसा लटकूं लागला आणि सवाल मुलांच्या हातांतून साहेबाच्या हातांत गेला. बाहेर ओटीवर भेंड्या रंगत; आंत त्याच मुलांची दांतखिळी बसे.

प्रश्न शिकविण्यासाठीं कीं पारखण्यासाठीं, हा भेद पुढें शास्त्रानेंहि दाखविला. १९३९ मध्यें स्पिट्झर यांनीं अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत सहावींतील ३,६०५ मुलांवर प्रयोग करून, वाचल्यावर लवकर विचारलेलें फार दिवस लक्षांत राहतें असें दाखविलें. २००८ मध्यें कार्पिके व रोडिगर यांनीं विद्यार्थ्यांस स्वाहिली भाषेंतील चाळीस शब्द अर्थांसह शिकविले. एकदां आलेला शब्द ज्यांना पुनःपुन्हां विचारला, त्यांस आठवड्यानें शेंकडा सुमारें ऐशीं शब्द आठवले. ज्यांनीं तो नुसता पुनःपुन्हां वाचला, त्यांस शेंकडा सुमारें पस्तीसच. इकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं भावनगरास खेळ शाळेंत आणिला तो अशा प्रयोगांची वाट न पाहतां.

तरीहि मोबाइलवरच्या मंजूषेविषयीं आमची एक तक्रार आहे. जो आधीं बोट लावील तो जिंकतो. सावकाश विचार करणाऱ्यास तेथें कानांत सांगण्याचीहि सोय नाहीं. परवच्यांत तो लपत होता, येथें तो पडद्यावर सर्वांत खालीं नांवानिशीं दिसतो.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही निघालों तेव्हां ती नात ओटीवर धाकट्या भावाला पावकी विचारीत होती. ती तिलाहि येत नसावी; कारण तिचें एक बोट आजोबांच्या जुन्या अंकलिपींत होतें.